सिग्नलच्या कॅमेऱ्याने टिपलेली तुझी ताई

मेहुणेबुवा,

तुझ्या एकुलत्या एका भावोजींचे अनेक आशीर्वाद, आणि वयाने लहान असलास तरी रुसण्यात तू आमचा वडील आहेस म्हणून सोबत एक नमस्कारही. पाठ कशी आहे? मागच्या खेपेला (म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी, तेव्हापासून तुझ्या पाठीची बातमी आमच्या घरात यायची बंद झाली आहे) डॉक्टरांनी तुला कडक गादीवर झोपायला सांगितलं होतं. झोपतोस का? की गादी आणून तिच्यावर बायकोला झोपवलंस आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात? भाची सासरी रुळली असेल. तिला आणि जावईबापूंना आशीर्वाद सांग. मी बरा आहे. ताईही बरी आहे. हे शेवटचं वाक्य मी तिच्या परवानगीशिवाय लिहितो आहे. खरं म्हणजे सगळं पत्रच तिच्या परवानगीशिवाय लिहितो आहे. फोन केला असता, पण माझ्या फोनवर कुणाचं नाव उमटलं हे तिला माझ्याआधी कळतं. म्हणून कागद.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे पत्र समेट घडवण्यासाठी नाही. मला तो अधिकार नाही, कारण भांडण माझ्यावरूनच झालं आहे. भाचीच्या लग्नात तू घरचा फोटोग्राफर सोडून बाहेरचे तिघे आणलेस, वर एक उडता कॅमेराही आणलास (तो पंगतीवरून गेला तेव्हा निम्म्या पाहुण्यांनी ताटावर हात धरले), आणि ताईला तो माझा अपमान वाटला. मला तो मुळीच वाटला नव्हता. चाळीस वर्षं मी लग्नांत उभ्याने, गार, आणि सगळे उठल्यावर जेवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा बसून, गरम, तीनदा वाढून घेऊन जेवलो. अपमान इतका रुचकर असतो हे ठाऊक असतं तर तो मी कधीच करवून घेतला असता. हे मी ताईला त्याच दिवशी सांगितलं, आणि तिथेच चुकलं. अपमान माझा असला तरी राग तिचा आहे. तो तिने माझ्या वतीने धरला आहे आणि मी मागितला तरी परत देत नाही. चौदा महिने तुझं नाव तिच्या तोंडी नाही. अगदीच अडलं तर 'त्यांच्याकडे' म्हणते, आणि हे 'ते' कोण हे आपण ओळखायचं. मला हे आवडत नाही. रविवारी तुमचे दोघांचे तासतासभर फोन चालायचे आणि मी कानात बोटं घालायचो, तर आता रविवार खायला उठतो. असो. मी तुला फक्त एक किस्सा सांगणार आहे. किस्सा कोर्टातला आहे, त्यामुळे त्यात खोटं काही नाही.

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी सकाळी दुकान उघडलं तर दाराच्या फटीतून एक सरकारी पाकीट आत पडलेलं. दुकान तुला माहीतच आहे: पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, मध्ये गोल स्टूल. मी फोटो काढतो आणि ताई माणसं सरळ करते. कुणाची कॉलर, कुणाची बट, कुणाची हनुवटी. पासपोर्टच्या फोटोत दात दिसलेले चालत नाहीत, त्यामुळे दिवसातून तीस वेळा 'हसू नका' सांगायचं कामही तिचंच, आणि ते ती मनापासून करते. पाकिटात नोटीस होती. आपल्या मालकीच्या वाहनाने अमुक तारखेस, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, दिवा लाल झाल्यानंतर एक पूर्णांक चार दशांश सेकंदांनी थांबरेषा ओलांडली, सबब दंड भरावा. खाली पुरावा म्हणून सिग्नलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो. दुसरा कुणी असता तर त्याने आधी दंड पाहिला असता. मी फोटो पाहिला. धंद्याची खोड, दुसरं काय. काड्यापेटीएवढा, काळापांढरा, चौकट तिरकी, नंबर प्लेटला नको तेवढं महत्त्व. मी मनातल्या मनात दहापैकी तीन गुण दिले, आणि मग त्याला भिंग लावलं. (भिंग लावलं नसतं तर त्याच दिवशी दंड भरून मोकळा झालो असतो. पण मग हे पत्रही नसतं.)

भिंगात माझ्या शेजारच्या सीटवर तुझी ताई हसत होती.

तुला वाटेल, त्यात काय एवढं. तू तिला हसताना पाहिलेलं आहेस, मीही पाहिलं आहे. आवाज न करता, खांदे उडवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. पण फोटोत? मेहुणेबुवा, कॅमेरा समोर आला की हिचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली येतो. आमच्या लग्नाच्या फोटोत ती माझ्या शेजारी बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी उभी आहे. गेल्या अडतीस वर्षांत मी तिचे हजारभर फोटो काढले असतील. समोरून काढले, चोरून काढले, हसवून काढले. एकदा भांड्यांच्या कपाटामागे दबा धरून काढला, तर त्यात कपाट हसतंय असं वाटतं, ती नाही. आणि जे मला जमलं नाही ते एका खांबाने करून दाखवलं, तेही पहिल्याच झटक्यात! ना त्याने हनुवटी खाली घ्यायला सांगितली, ना उजेड पाहिला, ना तीनपर्यंत मोजलं. मी तो खांब दुसऱ्या दिवशी जाऊन पाहून आलो. साधा खांब आहे. त्याला एक जाहिरातसुद्धा चिकटवलेली होती, कंबरेच्या पट्ट्याची.

आता मला दोन गोष्टी हव्याशा झाल्या. एक म्हणजे तो फोटो मोठा, नीट, स्वच्छ. आणि दुसरी, ती कशाला हसत होती याचं उत्तर. दुसरी गोष्ट सोपी वाटली म्हणून आधी तिला हात घातला. ताईला विचारलं, हे तू कशाला हसत होतीस गं? तिने नोटीस हातात घेतली, फोटो पाहिला, आणि मेहुणेबुवा, क्षणभर तिचं तोंड असं झालं की आता सांगणार. मग म्हणाली, "आठवत नाही. दंड भरून टाका." आता तुझ्या ताईला काय आठवत नाही? तिला आपल्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या शर्टाचा रंग आठवतो. म्हणजे लपवते आहे, आणि लपवते आहे म्हटल्यावर माझं जेवण गेलं. (दोन दिवस. मग परत आलं.) मी वेगवेगळ्या अंगांनी प्रयत्न केले. चहा पिताना सहज म्हणून विचारलं, भांडी पुसताना विचारलं, झोपेतून उठवून विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, फक्त झोपेतून उठवलं तेव्हा त्याला दोन शब्द जास्त लागले, ते इथे लिहीत नाही.

मग मी शास्त्रीय मार्ग धरला. पुढच्या मंगळवारी काहीतरी निमित्त काढून, तीच गाडी, तोच रस्ता, तिला तोच निळा स्वेटर घालायला लावून बरोबर चार दहाला त्याच चौकात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, जागा पाहून आठवेल, आठवलं की हसेल, हसली की पकडतो. या वेळी सिग्नल लाल असताना थांबलोही. तिच्याकडे एकटक पाहत बसलो. ती सरळ समोर पाहत बसली. असा किती वेळ गेला कोण जाणे, तिने शांतपणे सांगितलं, "हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मागचा माणूस उतरून येतोय." तो आलाच. त्याने काच वाजवून माझी जी चौकशी केली तिच्यात माझ्या पूर्वजांबद्दलही काही शंका होत्या. शास्त्रीय मार्ग मी तिथेच सोडला.

राहिला फोटो. त्यासाठी वाहतूक कचेरीत गेलो. चार नंबरच्या खिडकीत एक कारकून होते, इतके सुकलेले की त्यांच्याच टेबलावरच्या फायलींत घालून बांधून ठेवावेत. मी म्हटलं, ह्या फोटोची मोठी प्रत मिळेल का. त्यांनी विचारलं, कशाला, तुम्ही नव्हता का गाडीत? मी म्हटलं, होतो. मग गाडी तुमची नाही? आहे. मग फोटो खोटा आहे? नाही हो, मी म्हटलं, चांगला आहे. कारकुनांनी चष्मा काढला. तीस वर्षांच्या नोकरीत त्या खिडकीवर शिव्या आल्या होत्या, रडणं आलं होतं, एकदा जिवंत कोंबडी आली होती (ती का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला अजून चुटपुट लागून आहे), पण फोटो चांगला आला असं सांगायला कुणी आलं नव्हतं. माणूस विरघळला. त्यांनीच नियम समजावून दिला. दंड भरला की प्रकरण बंद, आणि महिन्याभरात मूळ फोटो पुसून टाकतात. फोटो पाहायचा एकच मार्ग: गुन्हा नाकबूल करायचा. मग कोर्टात मूळ पुरावा पडद्यावर दाखवावाच लागतो, आणि नंतर अर्ज केला तर प्रतही मिळते. पण एक लक्षात ठेवा, असं खिडकीतून मान बाहेर काढून ते म्हणाले. कबूल केलंत तर नुसता दंड. नाकबूल करून हरलात तर दंड भरायचाच, शिवाय न्यायाधीशांच्या मनात आलं तर लायसन्स तीन महिने जमा. आणि हरणार तर तुम्ही आहातच.

मी तिथल्या तिथे 'नाकबूल' वर खूण केली. घरी आल्यावर ताईने माझी जी हजेरी घेतली ती तू ऐकायला हवी होतीस. चोर तो चोर वर शिरजोर, म्हणाली. दिवा लाल दिसतोय, गाडी आपली दिसतेय, तुम्ही दिसताय, कोर्टात जाऊन काय सांगणार? मी म्हटलं, तू कशाला हसत होतीस ते सांग, आत्ता जाऊन दंड भरतो. ती उठून आत गेली. दाराआडून फक्त इतकंच म्हणाली, की मीही येणार कोर्टात, नाहीतर तुम्ही तिथे कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो काढत बसाल.

कोर्टाची खोली मी समजत होतो तशी भव्य वगैरे नव्हती. आपल्या शाळेच्या वर्गासारखी. बाकंसुद्धा तीच, करकरणारी. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्याला साखळीने बांधलेला पेला, आणि भिंतीवर अकरा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. (एक पूर्णांक चार दशांश सेकंदांवरून माणसाला दोषी धरणाऱ्या जागी अकरा मिनिटं! मी हे वहीत टिपून घेतलं, ऐन वेळी उपयोगी पडेल म्हणून. पडलं नाही.) माझ्या शेजारी पावाच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर बसला होता. त्याची ही पाचवी खेप, त्यामुळे हातात डबा आणि चेहऱ्यावर माहेरी आल्याचा भाव. त्याने मला गुरुमंत्र दिला: "पिवळा होता म्हणायचं. सगळे पिवळा होता म्हणतात. हरतात, पण बरं वाटतं." ताई मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या ओळखीची नसल्यासारखी.

न्यायाधीश एक बाई होत्या. माझ्या वयाच्या, केस आखूड, आणि चेहऱ्यावर दिवसभर तेच तेच खोटं ऐकणाऱ्या माणसाचा एक गोड थकवा. सरकारी वकील तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. कॅमेऱ्याचं यंत्र सांभाळणारा एक तंत्रज्ञ पडद्यापाशी उभा होता. माझा नंबर आला. बाईंनी विचारलं, गाडी तुमची? माझीच. चालवत कोण होतं? मीच. दिवा लाल होता हे तुम्हाला मान्य नाही का? मान्य आहे, म्हटलं, स्पष्ट दिसतंय की. मग तुम्हाला अमान्य काय आहे?

"फोकस," मी म्हणालो.

सरकारी वकिलाने शिंक आवरून हरकत घेतली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मग सगळं सविस्तर सांगितलं: माझा धंदा, अडतीस वर्षं, कपाट, खांब, चार नंबरची खिडकी. कोंबडी गाळली. मागून ताईचे डोळे माझ्या पाठीत रुतत होते, पण एकदा तोंड उघडल्यावर मी थोडाच थांबतो? बाईंनी मध्येच थांबवलं नाही, हे त्यांचे उपकार. शेवटी तंत्रज्ञाला म्हणाल्या, दाखवा हो ह्यांना त्यांचा फोटो.

आणि मेहुणेबुवा, भिंतीएवढा लागला तो. रंगीत! काड्यापेटीतून एकदम भिंत. मी पुढे गेलो, भिंग काढलं (सवय), मग लक्षात आलं की भिंगाची गरज नाही. ताईचा एक हात पुढच्या फळीवर टेकलेला, दुसरा पोटावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे मिटलेले आणि तोंड उघडं, सगळे दात दिसताहेत, पुढच्या दाताचा टवका उडालेला आहे तोसुद्धा. मी तंत्रज्ञाला मनापासून दाद दिली, त्याने ती खांबाच्या वतीने स्वीकारली. म्हणाला, दिवसाला शेकडो फोटो येतात, माणसं कोणी पाहत नाही, आम्ही नंबर तेवढा वाचतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतःकडे पाहिलंत का? मी पाहिलं नव्हतं. माझी नजर तिकडे गेलीच नव्हती. शेजारी मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि मान वर करून, काचेतून, आकाशात पाहत होतो. रस्ता नाही, सिग्नल नाही, बायको नाही. बाईंनी विचारलं, वर काय होतं?

ढग होता. मला तो बघताक्षणी आठवला. सूर्यावर एक पातळसा ढग आला होता आणि सगळीकडे मऊ, सारखा उजेड पसरला होता, ज्या उजेडासाठी मी चाळीस वर्षं दिव्यांवर पांढरी फडकी बांधत आलो. माझ्या मनात आलं होतं, काय सुरेख उजेड पडलाय, अशा वेळी कुणाचा तरी फोटो काढावा. काखेत कळसा म्हणतात तो हाच. अडतीस वर्षं ज्या हसण्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर चाललं होतं आणि मी ढग बघत होतो. हे मी कोर्टात जसंच्या तसं सांगितलं. खोलीत कुणी हसलं नाही. मला फार वाईट वाटलं रे, खरंच सांगतो.

मग बाईंनी तो प्रश्न विचारला. म्हणाल्या, पण त्या हसताहेत कशाला? सरकारी वकील उठला, म्हणाला हा प्रश्न खटल्याशी संबंधित नाही, आणि नाक पुसून पुढे म्हणाला, तरी सरकार पक्षालाही ते जाणून घ्यायला आवडेल. पावाच्या गाडीवाल्याने डबा बंद केला. ताईला पुढे बोलावलं, खरं सांगेन अशी शपथ दिली. सहा आठवडे मी जे काढू शकलो नाही ते त्या एका शपथेने एका मिनिटात काढलं. (तरी मी म्हणत होतो, घरात एक शपथ असावी.)

त्या चौकात मधल्या गोलाभोवती एक चांगले जाडजूड गृहस्थ सायकल चालवत होते, आणि त्यांना थांबता येत नव्हतं. दोन्ही पाय जमिनीला घासत, गोल गोल. ते पाहून तिला आठवण झाली, तिच्या भावाची. 'माझा भाऊ' हेच तिचे शब्द. मी ते बोटांवर मोजले, तीनदा म्हणाली. तिने सांगितलं, माझा भाऊ आठ वर्षांचा असताना वडिलांच्या मोठ्या सायकलवर चढायला शिकला. उतरायला शिकला नव्हता. शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारत सुटला. पहिल्या फेरीला ओरडला, ताई, थांबव. दहाव्या फेरीला ओरडला, ताई, भूक लागली. मी धावत धावत त्याच्या तोंडात पाव कोंबला. पाणी मागितलं तर बादली घेऊन उभी राहिले आणि जाता जाता अंगावर ओतलं, म्हटलं जेवढं तोंडात जाईल तेवढं. आणि संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो रडायचा थांबला आणि मोठ्या माणसासारखा मला म्हणाला, "ताई, आईला सांग, मी आता असाच राहणार."

कोर्ट हसलं. बाई तोंडावर फाईल धरून हसल्या, वकिलाला हसता हसता ठसका लागला, आणि पावाच्या गाडीवाल्याचं तर विचारूच नकोस. ताई हसत नव्हती, ती सांगत होती. शेवटी मीच हात पसरून सायकलसमोर उभी राहिले, म्हणाली, दोघं कुंपणात पडलो. त्याला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तेव्हापासून मी फोटोला तोंड उघडत नाही.

त्या दाताचा टवका मी रोज बघतो, मेहुणेबुवा. लोकांच्या चेहऱ्यावर पोट भरणारा माणूस मी, आणि तो कुठून आला हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. बाईंनी हसू आवरून सहज म्हणून चौकशी केली, आणि तो भाऊ आता कुठे असतो, काय करतो? ताई पर्सचा बंद पिळत उभी राहिली. शपथेवर होती ना. म्हणाली, "माहीत नाही. चौदा महिने झाले." मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाली, "पाठ दुखते त्याची."

निकाल व्हायचा तोच झाला. दोषी. दंड, आणि लायसन्स तीन महिने जमा. फोटोच्या प्रतीसाठीचा अर्ज मात्र बाईंनी तिथेच मंजूर केला. आम्ही बाहेर आलो, गाडी काढली, आणि घरी येईपर्यंत मी प्रत्येक पिवळ्या दिव्याला थांबलो. घरी आल्यावर तिने मला बजावलं, की कोर्टात जे बोलले ते शपथेमुळे बोलले, घरात त्याचा विषय काढायचा नाही. मी काढलेला नाही. मी फक्त तुला लिहितो आहे, आणि तू काही आमच्या घरात राहत नाहीस.

तर असा तो किस्सा. वहिनींना नमस्कार सांग, पाठीला जप, आणि गादीचं मनावर घे.

तुझा,
भावोजी

ता. क. – एक सांगायचं राहिलं. ताईला गुडघ्याच्या व्यायामासाठी दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागतं, आणि आता लायसन्स जमा झाल्यामुळे मला गाडीला हात लावता येत नाही. तुझी गुरुवारी सुट्टी असते असं आठवतं. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. अडला हरी म्हणतात तसं समज, पुढचं म्हणत नाही. ती विचारेल तर इकडून चाललो होतो म्हणून आलो असं सांग. दीडशे किलोमीटर हा काही फार मोठा वळसा नाही.

ता. क. २ – सोबत फोटो आहे. एवढी एकच प्रत मिळाली. पाहून झाला की परत हवा, पण पोस्टाने पाठवू नकोस, त्यात तो दुमडतो. हातात धरून आण.

ता. क. ३ – हे मी लिहिते आहे. ह्यांना तुझा पत्ता आठवला नाही. मला म्हणाले, एका गिऱ्हाइकाला पाकीट पाठवायचंय, ते तुझ्या भावाच्या शेजारीच राहतं, तर तो पत्ता सांग. मी पाकीट काढून घेतलं आणि सगळं वाचलं. लायसन्स कोणी जमा केलेलं नाही. न्यायाधीशबाईंनी दंड लावून समज देऊन सोडलं, म्हणून तर हे स्वतः गाडी चालवत घरी आले. स्वतःच वर तसं लिहूनही त्यांच्या ध्यानात आलं नाही. गुडघ्याचे व्यायाम मागच्या महिन्यात संपले, मी जिने चढते. आणि मी ह्यांच्या अपमानासाठी रागावले हेही खरं नाही. तुझ्या घरचं पहिलं कार्य, आणि तू ताईला काही म्हणजे काही विचारलं नाहीस, ते मला लागलं. आपण समोर बसून बोलू तेव्हा तुला नीट ऐकवणार आहे. तेव्हा तुला इकडे यायचं तसं काहीएक कारण नाही.

तरी ये.

ताई